गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या एमजीबीचं परत परत येणारं दुखणं

वीस-पंचवीस मिनिटं गाडी झकास चालते. पाण्याचा काटा जागेवर, ऑइलचा दाब ठणठणीत. मग कुठेतरी दोन झटके बसतात आणि इंजिन गप्प होतं. गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडून दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, किल्ली फिरवायची, की पहिल्या दमात सुरू. पुढे कधी पाच मिनिटं चालते, कधी थेट घरापर्यंत. घरी येऊन कितीही उकरा, हाती काही लागत नाही, कारण तोवर सगळं सुरळीत झालेलं असतं.

माझी गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची गाडी. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, ल्युकसचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग), सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं. माझ्याकडे आली तेव्हा ती सतरा वर्षं एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि सीटच्या फोममध्ये उंदरांनी संसार थाटला होता. इंजिन जाम झालं नव्हतं एवढंच नशीब. पत्रा, ब्रेक, क्लच, रेडिएटर यांत दीड वर्ष गेलं. ते काम अंगमेहनतीचं, पण डोकं खाणारं नाही. गंजलेलं दिसतं, कापता येतं, नवं जोडता येतं. डोकं खाल्लं ते या एकाच दुखण्याने. ते मी तीनदा बरं केलं आणि तीनदा ते परत आलं.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना चुका कुठे झाल्या ते कळेल. गाडीत एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन दोष होते आणि दोघांचं सोंग एकच होतं. शिवाय ज्या उष्णतेला मी चार महिने शिव्या घातल्या, तिचा दोन्हींशी संबंध नव्हता.

पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कार्ब्युरेटर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला पुढचं बहुतेक लागू पडेल. आकडे मात्र एमजीबीचे आहेत.

आधी काय काय चुकलं

पहिला संशय अर्थातच व्हेपर लॉक. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, डावीकडे, एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात. मध्ये पत्र्याचं हीट शील्ड. पेट्रोल गरम होऊन पाइपात वाफ धरणार, असं पाहणाऱ्याला वाटतंच. मी पाइपांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, शील्डचं अस्तर बदललं. पाइपाला लाकडी चिमटे लावायचा तो जगप्रसिद्ध उपायही करून पाहिला. त्याने गाडी हसण्यासारखी दिसते, याखेरीज फरक पडला नाही. म्हणजे दोन आठवडे पडला, मग पुन्हा तेच.

तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला हवी होती. इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान लगेच उतरत नाही, उलट चढतं. पंखा थांबलेला, वारा नाही, ताजं गार पेट्रोल येत नाही, आणि मॅनिफोल्ड तर तापलेलाच. पुढची दहा-पंधरा मिनिटं कार्ब्युरेटरला सर्वांत वाईट. वाफ हेच कारण असतं तर दहा मिनिटांनी गाडी जास्त कुरकुरली असती. माझी तर चटकन सुरू होत होती. ‘गार झाली की चालू’ हे माझं वाक्यच खोटं होतं. गार काही झालेलंच नव्हतं, फक्त वेळ गेला होता.

त्यात एमजीबीचा पेट्रोल पंप विजेचा आणि मागे, उजव्या मागच्या चाकाजवळ असतो. तो पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप लांबून पेट्रोल ओढतो, तिथे पाइपात दाब कमी होतो आणि वाफ लवकर धरते. ढकलणाऱ्या पंपाच्या गाडीत, वाहत्या रस्त्यावर, वेगात असताना व्हेपर लॉक होणं तसं दुर्मीळ.

दुसरा उपाय पंप बदलणं. महिनाभर आराम. तिसरा उपाय कॉइल, म्हणजे बारा व्होल्टमधून ठिणगीचा जोर काढणारं वेटोळं. तीन आठवडे आराम. त्यातही पहिली कॉइल चुकीची आणली, ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रोध) वापरायची, म्हणजे प्रायमरीचा, कॉइलच्या बारा व्होल्टच्या वेटोळ्याचा, रोध दीड ओहमच्या आसपास. १९६६च्या गाडीला बॅलास्ट नाही, तिला तीन ओहमच्या घरातली लागते. दीड ओहमची थेट बारा व्होल्टवर लावली तर ती पोळते आणि पॉइंटही जाळते. नशिबाने बसवण्याआधी मीटर लावला. डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा मीटर काय म्हणतो ते पाहावं.

रोग रेड्याला नि इंजेक्शन पखालीला, असं ते चाललं होतं. पण प्रत्येक इंजेक्शनने रेडा काही दिवस बरा होत होता, ही खरी पंचाईत. का होत होता ते पुढे येईल.

बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं

अधूनमधून येणारा दोष घरी सापडत नाही. तो जिथे घडतो तिथे, घडत असतानाच पकडावा लागतो. म्हणून गाडी बंद पडली की लगेच बॉनेट उघडून वायरी हलवायला लागू नका. हलवलं की पुरावा गेला. मी आता ज्या क्रमाने पाहतो तो असा.

झटका बसताच क्लच दाबू नका. मागून वाहन येत नसेल, जागा असेल, तर गाडी गिअरमध्येच राहू द्या म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत राहतील. आता आरपीएमचा काटा पाहा. इंजिन फिरत असूनही काटा टपकन शून्यावर पडला, तर कॉइलच्या प्रायमरीतला करंट तुटला: किल्ली, पांढरी वायर, कॉइल, पॉइंट यांपैकी काहीतरी. काटा मात्र गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत असेल, तर प्रायमरी शाबूत आहे. मग पेट्रोल, नाहीतर डिस्ट्रिब्युटरचा रोटर (आत फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा), त्याची कॅप, हाय टेन्शनच्या म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी. या एका नजरेत अर्धी गाडी संशयातून बाद होते.

दुसरी खूण, ती मरते कशी. करंट गेला की दिवा मालवावा तशी एकदम. पेट्रोल संपत आलं की आधी ओढ कमी होते, मग झटके, मग बंद. झटके बसत असताना चोक ओढून पाहा. एसयूमध्ये चोक जेट खाली ओढतो आणि मिश्रणात पेट्रोल वाढवतो. चोकने गाडीने जरा जीव धरला तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर पेट्रोल पुरेसं आहे, कदाचित जास्तच आहे.

तिसरी, पंपाचा आवाज. गाडी थांबली, इंजिन बंद, किल्ली ऑन. एसयू पंप टकटक करतो. चार-पाच टकटक होऊन शांत झाला तर फ्लोटच्या वाट्या (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या) भरलेल्या आहेत, पेट्रोलच्या मागे लागू नका. बराच वेळ भराभर टकटकत राहिला आणि मग मंदावला, तर वाट्या रिकाम्या झाल्या होत्या आणि आता भरल्या. टकटक थांबतच नसेल तर पंपाला ओढायला पेट्रोल मिळत नाही, किंवा कुठेतरी हवा घेतोय, किंवा कार्ब्युरेटर ओसंडतोय (तसं असेल तर वास येतोच). आणि मुळीच आवाज नाही, पण पंपाला टिचकी मारल्यावर सुरू झाला, तर पंपाच्या आतले पॉइंट गेले. या आवाजांतला फरक कानाला ओळखू यायला लागतो, थोडी सवय लागते.

चौथी, डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा. किल्ली ऑन असताना तो लागत असेल तर किल्लीतून वीज पुढे येतेय. पंप आणि दिवा दोन्ही मेले असतील तर किल्लीचा स्विच किंवा त्याच्या मागचा जोड. पेट्रोल आणि इग्निशन दोन्हीकडे जाणारी वीज या गाडीत पांढऱ्या वायरीतून येते, मध्ये फ्यूज नाही. म्हणून फ्यूज बॉक्सकडे पाहून काही कळत नाही.

हे सगळं एका कागदावर लिहा. वेळ, चढ की सपाट, पाय किती दाबलेला, टाकीत किती पेट्रोल. मी हे पहिल्या दिवसापासून लिहिलं असतं तर पंपही वाचला असता आणि कॉइलही.

पहिला दोष: टाकी

लिहायला लागल्यावर तिसऱ्याच खेपेला चित्र दिसलं. चढावर, पाय दाबलेला, काटा हळूहळू उतरला, चोकने क्षणभर जीव आला, थांबल्यावर पंप बराच वेळ टकटकला. पेट्रोल. पंप नवा, तरी पेट्रोल.

यापुढची चाचणी घरीच करायची, इंजिन पूर्ण गार असताना, उघड्यावर, शेजारी आग विझवायचं यंत्र ठेवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. गॅरेजमध्ये तपासणीचा खड्डा असेल तर हे काम तिथे अजिबात नको. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून लांब नळीने जमिनीवरच्या पत्र्याच्या डब्यात सोडा. कॉइलची पांढरी वायर काढून तिचं टोक टेपने झाका, नाहीतर पॉइंट मिटलेले राहून कॉइल तापत बसेल. मग किल्ली ऑन, आणि घड्याळ लावा.

इथे सगळे, मीही, एक चूक करतात. दहा सेकंद धार पाहायची, जोरदार आहे म्हणायचं, संपलं. हे इंजिन सुसाट पळतानाही मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमीच पितं, त्यामुळे दहा सेकंदांची कुठलीही धार पुरेशी वाटते. धार चार-पाच मिनिटं पाहा. माझ्याकडे पहिल्या मिनिटात लिटरभर पेट्रोल आलं. दुसऱ्यात जरा कमी. तिसऱ्या मिनिटाला धार करंगळीची झाली, पंप घाईघाईने टकटकू लागला, आणि मग नुसते थेंब. किल्ली बंद केली, दहा मिनिटं बसून राहिलो, पुन्हा ऑन. धार पहिल्यासारखी!

तिथेच बसून मी हसलो. इंजिन चाललेलं नाही, काहीही गरम झालेलं नाही, आणि ‘दहा मिनिटांनी बरी’ हा खेळ जसाच्या तसा डब्यात दिसत होता.

मग दोष अर्धा-अर्धा करत गेलो. पंपाची ओढनळी टाकीवरून काढून स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवली. पाच मिनिटं अखंड धार. म्हणजे पंप, पुढचे पाइप, सगळं ठीक. राहिली टाकी. बूच उघडल्यावर फुस्स आवाज येतो का तेही पाहिलं होतं. टाकीत हवा आत जायची वाट बंद असेल तर आत निर्वात होऊन असंच पेट्रोल थांबतं, आणि हवा न घेणारं बूच चुकून बसवलं गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. माझं बूच निर्दोष होतं.

टाकी मी गाडी आणल्याबरोबर उतरवून खळखळून धुतली होती. आतलं जुनं पेट्रोल काळपट तांबडं, व्हार्निशच्या वासाचं निघालं होतं. नंतर पेट्रोल-मापकाच्या भोकातून टॉर्च मारला, तळ चकचकीत दिसला, समाधान मानलं. यावेळी तारेच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा आत घातला आणि वर वळवला. छत गंजाच्या खपल्यांनी भरलेलं. उभ्या गाडीत तळाला पेट्रोल असतं, वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा. गंज वर धरतो. मी खाली पाहत होतो.

त्या खपल्या गाडी हलली की सुटतात, पेट्रोलात तरंगतात, पंपाच्या ओढीने ओढनळीच्या जाळीवर जाऊन चिकटतात. सपाटीवर थोडं पेट्रोल लागतं, तेवढं जाळीतून मिळतं. चढावर मागणी वाढली की वाट्या रिकाम्या होतात. इंजिन थांबलं, पंप थांबला, ओढ संपली, खपल्या जाळीवरून गळून तळाशी बसल्या, गाडी बरी झाली. पट्टी गुंडाळली तेव्हा मी नुकतीच टाकी भरली होती. पंप बदलताना ओढनळी सोडली, तेव्हा जाळी आपोआप मोकळी झाली. उपाय लागू पडल्यासारखा वाटत होता तो यामुळे. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते टाकीतला जुना थर सोडवतं आणि पाणीही धरतं, म्हणून वर्षानुवर्षं शांत बसलेला गाळ गाडी पुन्हा चालू केल्यावरच हलायला लागतो.

साफ करायला मी लिंबूसत्त्व वापरलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्याला ऐंशी-शंभर ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून, म्हणजे छतही बुडेल अशी. आधी आत मूठभर नट टाकून टाकी अर्धा तास सगळ्या अंगांवर लोळवली, नट मोजून घातले आणि मोजून काढले. दिवसभराने पाणी ओतलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, आणि क्षणही न दवडता गरम हवेने वाळवली. ओला, नुकताच गंज निघालेला पत्रा डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतो. वाळल्यावर थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवलं. विजेने गंज काढायचाही मार्ग आहे, मोठ्या टाकीला तो चांगला लागू पडतो, पण त्यात हायड्रोजन सुटतो आणि स्टेनलेस स्टीलचा सळई-तुकडा वापरला तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. करायचंच तर साधं लोखंड, आणि मोकळी हवा. पेट्रोलची टाकी कितीही धुतलेली असो, तिला वेल्डिंगची ज्योत लावू नये.

आतून लावायच्या सीलरबद्दल माझं मत वाईट आहे. काही चांगलेही असतील. पण सीलर सोलपटला की त्याच्या पापुद्र्यांनी तीच जाळी बंद होते, आणि ते पापुद्रे गंजासारखे गळूनही पडत नाहीत. पत्र्याला टोचणी लावल्यावर आरपार जात असेल तर नवी टाकी बसवावी. एमजीबीत टाकीच्या माथ्यावर, बूटच्या (डिकीच्या) तळाखाली, चिखल साचून पत्रा बाहेरूनही खाल्लेला असतो, ते टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही.

फिल्टर लावायचा तर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये. पंपाच्या आधी बारीक फिल्टर लावला तर तोच तुंबून हे सगळं नव्याने सुरू होतं.

दुसरा दोष: बोटभर वायर

टाकी बसवली. सहा आठवडे गाडी देवासारखी चालली. मग सपाट रस्त्यावर, आरामात जाताना, झटका, बंद. मी गाडी बाजूला घेतली आणि सवयीने दहा मिनिटं थांबलो. सुरू झाली.

ही सवयच नडली. चार महिने ‘बंद पडली की दहा मिनिटं’ हे अंगवळणी पडलेलं. पुढच्या खेपेला चुकून लगेच किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. दहा मिनिटांची गरज या दोषाला कधीच नव्हती. कागदावरची नोंदही वेगळी होती: सपाट रस्ता, पाय हलका, काटा टपकन शून्यावर, पंप दोनदा टकटकून गप्प. मागचं सगळं आठवून पाहिलं तर कॉइल बदलण्याच्या आधीची, नोंद न केलेली दोन प्रकरणं याच जातीची निघाली. मी सगळी एकाच पोत्यात भरली होती.

काटा शून्यावर, म्हणजे प्रायमरी. बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, एवढा टेस्ट लॅम्प यासाठी पुरतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मीटर उलटे आकडे दाखवून गोंधळवतो, बल्बला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं सोयरसुतक नाही. एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला, दुसरं कॉइलच्या सीबी लिहिलेल्या टर्मिनलला, जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. किल्ली ऑन करून कुणाला स्टार्टर मारायला सांगा. बल्ब उघडझाप करत असेल तर पॉइंट आपलं काम करताहेत. सतत लागून राहिला तर करंट अर्थपर्यंत पोचतच नाही: पॉइंट मिटत नाहीत, किंवा वायर तुटली, किंवा आतली अर्थची वायर सुटली. मुळीच लागत नसेल तर एक तर कॉइलला वीजच येत नाही (एसडब्ल्यू टर्मिनलला लावून पाहा), नाहीतर सीबीची बाजू कुठेतरी अंगाला टेकलीय. कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा भाग) शॉर्ट झाला, किंवा पॉइंटच्या खुंटीवरचे प्लास्टिकचे वॉशर उलटसुलट बसले, तर असं होतं. त्या खुंटीवर कंडेन्सरचा आणि वायरीचा असे दोन्ही टॅग पॉइंटच्या स्प्रिंगला टेकले पाहिजेत आणि खुंटीला टेकता कामा नयेत. पॉइंट बदलल्यावर गाडी सुरूच झाली नाही, तर पहिल्यांदा इथे पाहावं.

माझ्याकडे बल्ब घरी प्रामाणिकपणे उघडझाप करत होता. तेव्हा ‘सपाट रस्ता, पाय हलका’ या नोंदीने वाट दाखवली. इंजिनावर भार कमी असताना व्हॅक्यूम जास्त असतो. व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे त्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ पुढे आणणारा भाग, डिस्ट्रिब्युटरच्या आतली पॉइंटची प्लेट ओढून फिरवतो. पाय दाबला की व्हॅक्यूम घटतो, प्लेट परत येते. इंजिन बंद पडलं की प्लेट मूळ जागी. म्हणजे जी वस्तू प्लेटबरोबर हलते तीच तुटते-जुळते आहे.

इंजिन मंद चालू ठेवलं, व्हॅक्यूमचा बारीक पाइप कार्ब्युरेटरकडून काढला, टोक तोंडात धरलं आणि ओढलं. इंजिन मेलं. सोडलं, सुरू केलं, ओढलं, मेलं. चार महिन्यांचं कोडं श्वासभर हवेत सुटलं.

२५डी४च्या बाहेरच्या चपट्या टर्मिनलपासून आत पॉइंटपर्यंत बोटभर लांबीची मऊ वायर जाते. दुसरी तेवढीच वायर प्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडून अर्थ देते. प्लेट हलते म्हणून या वायरींचे तंतू अतिशय बारीक आणि लवचीक असतात, आणि वरचं आवरण शाबूत राहून आतले तंतू तुटतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दोन्ही टोकं चिमटीत धरून हलकेच ओढली तर तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. माझी ताणली गेली. कॉइल बदलताना मी तीच वायर बाहेरून हलवली होती, तंतू पुन्हा टेकले, आणि तीन आठवडे नव्या कॉइलला श्रेय मिळालं.

नवी वायर बसवताना घरात पडलेली कुठलीतरी वायर वापरू नका. जाड तंतूंची वायर काही आठवड्यांत पुन्हा तुटते, किंवा ताठपणामुळे प्लेटलाच अडवते आणि ॲडव्हान्स मरतो. डिस्ट्रिब्युटरसाठीची तयार वायर मिळते, तीच घ्या. दोन्ही बदला, अर्थचीही. उघडलंच आहे तर पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करून घ्या.

इथेही न सुटल्यास

काटा शून्यावर पडत नाही, वाट्या भरलेल्या आहेत, तरी गाडी मरते, अशी वेळ आली तर रोटर आणि कंडेन्सर. हे दोन भाग नवे बसवलेत म्हणून संशयातून वगळू नका. नव्याने बनवलेल्यांत खराब माल खूप आहे. रिव्हेट मारलेले काही काळे रोटर आतून फुटून ठिणगी खालच्या दांड्याला देतात. तपासायला कॅप काढा, कॉइलची मधली जाड वायर चांगल्या इन्सुलेटेड चिमट्याने धरून रोटरच्या पितळी पट्टीपासून चार-पाच मिलिमीटरवर ठेवा, स्टार्टर मारा. ठिणगी उडाली तर रोटर फुटलाय, कारण चांगल्या रोटरमध्ये तिला जायला वाटच नसते. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी बघा. कंडेन्सर खरोखरच तापल्यावर दगा देणारा भाग आहे. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या आणि प्लगला पिवळट, अशक्त ठिणगी, ही त्याची खूण. जुन्याचा टॅग सोडवून, माहितीतला चांगला कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच, सीबी टर्मिनल आणि इंजिनच्या अंगामध्ये जोडून गाडी चालवता येते. फरक लगेच कळतो. क्षमता ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरडमध्ये असावी, पण थंड असताना मीटरवर ती बरोबर दिसूनही गरम झाल्यावर तो मरू शकतो.

१९६६च्या आसपासच्या एमजीबीत कॉइलकडे जाणारी पांढरी वायर आरपीएम मीटरच्या पाठीमागून वळसा घालून जाते, तिथले आणि बाकीचे बुलेट कनेक्टर एकेक काढून घासा. कंटाळवाणं काम आहे, एका दुपारचं.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा, असा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. बसवा, पण निदान झाल्यावर. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला निगेटिव्ह अर्थचं किट जोडलं तर ते किल्ली फिरवताक्षणी जळतं. शिवाय त्या किटने माझी तुटकी वायर निघून दोष गेला असता आणि टाकीतला गंज मात्र तसाच राहिला असता.

खरं व्हेपर लॉकही असतं, ते नाकारत नाही. तापलेली गाडी दहा मिनिटं उभी केली आणि मग सुरू व्हायला त्रास, सुरू झाल्यावर मिनिटभर खडखड, मग ठीक. किंवा गोगलगायीच्या गतीने सरकणाऱ्या वाहनांच्या रांगेत अडकल्यावर. तेव्हा हीट शील्ड, त्याचं अस्तर, पाइपाची वाट बघा. चिमटे नकोत.

आता बूटमध्ये एक चांगला कंडेन्सर, रिव्हेट नसलेला लाल रोटर, त्या दोन मऊ वायरी, टेस्ट लॅम्प आणि वही असते. गेल्या आठवड्यात गाडी पुन्हा बंद पडली. काटा हळू उतरला, चोकने जीव आला, पंप टकटकतच राहिला. वहीत पाहिलं, टाकी भरल्याची शेवटची नोंद फार जुनी होती.